आजीच्या डब्यातली नाणी: आधी विचारा, मग हात लावा

गणेश चवथीआधी घर रंगवायला काढलं किंवा दिवाळीआधी कपाटं रिकामी केली, की गोव्यातल्या घरांतून नाणी निघतात. कुंकवाच्या जुन्या डब्यातून, देवखोलीतल्या फडताळातून, आजीच्या नऊवारीच्या घडीतून. मग मला फोन येतो: "नाणी मिळाली. चिंचेने घासून लख्ख केलीत. फोटो पाठवतो, किती येतील ते सांग." पंधरा दिवसांनी त्याच घरातून दुसरा फोन: "यातलं पणजोबांचं कुठलं, ते कळायला काही मार्ग आहे का?"

तोवर बहुतेकदा नसतो. डबा उपसलेला असतो, पुरचुंडीचं फडकं कचऱ्यात गेलेलं असतं आणि नाणी घासून एकसारखी झालेली असतात.

चूक क्रमाची असते. लोक घासणं, किंमत विचारणं, वाटून टाकणं या क्रमाने जातात आणि माहिती विचारायची आठवण शेवटी होते. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. दोन दुपारी मोकळ्या ठेवा, घाई नको. आणि एक आधीच सांगून टाकतो: घरात सापडणाऱ्या बहुतेक नाण्यांना बाजारात फारसा भाव नसतो. त्यांच्याबरोबरची माहिती मात्र दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून या लेखात तिला नाण्याइतकीच जागा दिली आहे.

## तयारी: डबा उघडण्याआधी

दिवस कोरडा निवडा. जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा; भर पावसात नाणी बाहेर काढून टेबलावर पसरली की दमट हवा आणि घामट बोटं दोन्ही त्यांना भोवतात. चवथीच्या साफसफाईत डबा सापडला असेल तर तसाच बंद करून ठेवा, दसऱ्यानंतर उघडा. इतकी वर्षं थांबलाय, अजून दोन महिने थांबेल.

जमवायचं सामान असं:

- टेबलावर घालायला जाड टॉवेल. नाणं हातातून निसटून फरशीवर पडलं की कडेला खोक पडते, ती पुन्हा भरत नाही.
- ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि मिलिमीटर मोजणारा व्हर्नियर. दोन्ही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, तो एक-एक ग्रॅमने उडी मारतो.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधं लोहचुंबक, मऊ शिसपेन्सिल, वही.
- आम्लविरहित कागदाची छोटी पाकिटं, किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक नाणे-पाकिटं.
- डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच.

सावधान: नाणे-संग्रहाचा मऊ, लवचिक प्लास्टिकचा अल्बम घेऊ नका. उघडून वास घ्या. नव्या रेनकोटासारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे. त्यातून हळूहळू आम्ल सुटतं आणि काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो.

हात साबणाने धुऊन पुसून घ्या. नाणं नेहमी कडेला दोन बोटांत धरायचं, तोंडावर अंगठा टेकवायचा नाही. बोटाचा ठसा तांब्यावर आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो.

## टप्पा १: जसं सापडलं तसं टिपून घ्या

डबा उघडण्याआधी बाहेरून फोटो. उघडल्यावर, काही न हलवता, वरून फोटो. मग एकेक थर काढाल तसतसा फोटो. पुरचुंडी असेल तर गाठ सोडण्याआधीचाही.

हे पोलिसी पंचनाम्यासारखं वाटेल, पण कारण सरळ आहे. जुन्या बायका नाणी उगाच एकत्र ठेवत नसत. एका फडक्यातली तीन नाणी बहुधा एकाच प्रसंगाची असतात: ओटीतली, बारशाची, माहेरहून आलेली. फडकं सोडून सगळी एका वाटीत ओतलीत की ती जुळणी कायमची मोडली. म्हणून प्रत्येक पुरचुंडी, प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक डबी वेगळ्या ताटलीत ठेवा आणि ताटलीला क, ख, ग अशी खूण द्या.

डबाही जपा. फडकंही. मी एका घरात पाहिलं, नाणी ज्या कागदात गुंडाळली होती तो पाळण्यातल्या बाळाच्या औषधाचा कागद होता आणि त्यावर तारीख होती. नाण्यावरच्या सालापेक्षा ती तारीख घरच्यांना जास्त उपयोगी पडली.

तपासा: जमिनीत पुरलेलं किंवा चिऱ्याच्या भिंतीत चिणलेलं काही निघालं असेल, तर पुढचं सगळं थांबवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेली मौल्यवान वस्तू मोडते. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. "आमच्याच घराची भिंत" हे उत्तर आपोआप पुरत नाही. कपाटातल्या, पेटीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेल्या नाण्यांना ही भीती नाही. म्हणूनच नेमकी कुठे सापडली ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं.

## टप्पा २: घरातल्या मोठ्यांना विचारा, पण नीट विचारा

हा टप्पा लोक गाळतात किंवा पाच मिनिटांत उरकतात. माझ्या मते अर्धा वेळ इथेच द्यावा.

आधी माणसं ठरवा. फक्त घरातली नाहीत. लग्न होऊन गेलेली आत्या, शेजारची आजीची मैत्रीण, मुंबईला असलेले मोठे काका. डब्याबद्दल सर्वांत जास्त माहिती अनेकदा आत्यांना असते, कारण लहानपणी आजीबरोबर देवखोलीत त्याच असायच्या.

नाणी त्यांच्यासमोर ठेवा, पण एकदम सगळी नको. एक ताटली, मग थांबा. म्हाताऱ्या माणसाला "हे कुठलं?" असं विचारलं की "जुनं आहे" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा प्रसंग विचारा:

"आजी हा डबा कधी उघडायची? कुठल्या सणाला?"
"लक्ष्मीपूजनाला यातलं कुठलं मांडायची?"
"मामा आफ्रिकेहून आले तेव्हा काय काय आणलं होतं?"
"पोर्तुगीज गेले तेव्हा घरात पैसे कुठे होते? बदलून कोणी आणले?"

शेवटचा प्रश्न गोव्यातच विचारता येतो आणि तो हमखास चालतो. १९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीजांचं चलन एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला, तेव्हा प्रत्येक घराने जुने पैसे बदलून घेतले आणि बहुतेक घरांनी दोन-चार नाणी मुद्दाम मागे ठेवली. ती का ठेवली, कुणी ठेवली, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. एका घरी सहा एस्कुदोची दोन नाणी होती. बाजारात ती सहज मिळतात. पण ती आजोबांच्या शेवटच्या पोर्तुगीज पगारातली होती, हे त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं, मुलांना नव्हतं.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, सांगून करा. आणि मध्ये दुरुस्ती करू नका. काकी साल चुकवतील, चुकवू द्या. टोकलं की त्या गप्प होतात.

तपासा: वहीत दोन रकाने करा. एकात "अमुक म्हणाली", दुसऱ्यात "नाण्यावर दिसतं". दोन्ही जुळले नाहीत तरी पहिला खोडायचा नाही. "पणजोबांनी १९१० साली आणलेला रुपया" यावर १९१२ साल निघालं, तर बहुधा साल चुकलंय, माणूस नाही.

सावधान: या बैठकीत किंमतीचा विषय कुणी काढू देऊ नका. एकदा "सोन्याचं आहे का?" निघालं की आठवणींची जागा हिशेब घेतात आणि कुणाला काय मिळालं होतं यावरून आत्या आणि काकी यांच्यात जुनं उकरलं जातं. हे मी तीनदा पाहिलंय.

## टप्पा ३: धातूनुसार वेगळं करा

आता चुंबक घ्या. नाण्यावर आपटू नका, दोऱ्याला बांधून हळू जवळ न्या.

चांदी, तांबं, सोनं, शिसं चुंबकाला चिकटत नाही. लोखंड चिकटतं. पण इथेच हमखास एक चूक होते. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला ब्रिटिश इंडियाचा रुपया चिकटतो, म्हणून लोक तो खोटा ठरवतात. तो निकेलचा आहे, आणि निकेल चिकटतंच. ब्रिटिश रुपयात १९३९ पर्यंत ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून ५० टक्के, आणि १९४७ साली चांदी संपली. चुंबकापेक्षा साल आधी वाचा.

मग वजन. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. वापरून झिजलेला ११.४ भरला तरी काळजी नको. १०.५ भरला तर भिंग घ्या आणि कडेचे दात बघा. ओतीव नक्कल असली तर ते पुसट, गोलसर दिसतात. पोर्तुगीज इंडियाचा १८८१ आणि १८८२ चा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीतून ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा निघाला होता, त्यामुळे हाच आकडा तिथेही लागू पडतो.

वजनाने समाधान झालं नाही तर पाण्यातलं वजन घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवा. तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चांदीचा रुपया असेल तर काटा १.१३ च्या आसपास थांबतो आणि भागाकार १०.३ येतो. तांबे-निकेलचं बनावट नाणं त्याच वजनाचं असलं तर काटा १.३ दाखवतो. सोन्याची गिनी ७.९८ ग्रॅमची, ती ०.४५ च्या जवळ. कुंकू, तेल लागलेल्या नाण्यावर हा प्रयोग करू नका. आकडाही चुकतो आणि कुंकूही जातं.

काय करायचं नाही: दगडावर आपटून आवाज ऐकणं, दातांनी चावणं, कसोटीवर घासणं. सोनाराला कसोटी लावू दिलीत तर त्या नाण्यावर ओरखडा कायमचा राहतो.

शिसं किंवा कथिल-जस्ताच्या जातीची मऊ, राखाडी, वेडीवाकडी छोटी नाणी निघाली तर त्यांना वेगळं काढा. जुनी गोव्यातली बझारुकं अशी असतात. ती लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची नाहीत. लाकूड आणि पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाची पांढरी पूड होते. पणजीच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या टिकलं म्हणून पुढेही टिकेल असं नाही. पेटी रिकामी-भरली होत होती, हवा खेळत होती, आता ती तुम्ही बंद करून ठेवणार आहात.

## टप्पा ४: ओळखा

गोव्यातल्या एका डब्यात चार राज्यांची नाणी सहज निघतात, म्हणून आधी भाषेवरून ढीग पाडा.

पोर्तुगीज इंडियाच्या नाण्यांवर रोमन अक्षरं आणि "इंडिया" असतं. शेवटच्या काळातल्यांवर "एस्तादो दा इंडिया". त्यांचं मापन दोन प्रकारचं आहे आणि ते न कळल्यामुळे नावं चुकतात. जुनं माप: १ रुपिया म्हणजे १६ तांगा, १ तांगा म्हणजे ६० रेइश. म्हणून पाव तांगा म्हणजे १५ रेइश. नवं माप १९५८ पासून: एस्कुदो आणि सेंताव, १०० सेंतावांचा एक एस्कुदो. नाणी १०, ३० आणि ६० सेंताव, १, ३ आणि ६ एस्कुदो. ६ एस्कुदो म्हणजे पूर्वीचा एक रुपिया, ३ एस्कुदो म्हणजे अर्धा. हा विचित्र आकडा मोजमापाच्या सोयीसाठीच होता, हे कळलं की तुमच्या काकांचं "सहाचं नाणं" म्हणजे काय ते उलगडतं.

राजाचं तोंड असेल तर साल बघा: लुईश पहिला असेल तर १८८१ च्या आसपासचं, कार्लोश पहिला असेल तर १९०१ ते १९०४ मधलं. तोंडाऐवजी प्रजासत्ताकाचं चिन्ह असेल तर १९१० नंतरचं. एक सांगून ठेवतो: १९५२ चा रुपिया तांबे-निकेलचा आहे, चांदीचा नाही. लोक रंगावर फसतात आणि सोनाराकडे जाऊन हिरमुसले होऊन येतात.

ब्रिटिश नाणी मुंबईमार्गे आली. तीन पिढ्यांत मुंबईला नोकरीला न गेलेलं घर गोव्यात सापडणं अवघड, त्यामुळे व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज सगळे डब्यात असतात. भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) आणि मोठा तांब्याचा पाव आणा हे सगळ्यात जास्त. व्हिक्टोरियाच्या रुपयावर "क्वीन" आहे की "एम्प्रेस" हे बघा. एम्प्रेस १८७७ पासून.

आफ्रिकेत होते त्यांच्या घरी भोकाचे पाच-दहा सेंट मिळतात, ते ईस्ट आफ्रिकेचे, मोंबासा किंवा नैरोबीचे. अंगोला, मोझांबिकची नाणीही पोर्तुगीज भाषेतलीच, म्हणून ती गोव्याची समजू नका; मोझांबिकवर "मोसांबिके" लिहिलेलं असतं.

पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या घरांत कधी शिवराई मिळते: एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". तिच्या बाबतीत दोन सूचना. शिवरायांनंतरही अनेक वर्षं शिवराई पाडल्या जात होत्या, त्यामुळे "महाराजांच्या हातची" हे नातवाला सांगा, वहीत लिहू नका. आणि खोट्या शिवराई नाण्यांचा बाजार मोठा आहे.

कडी लावलेली नाणी, पुतळ्यांची माळ यांना नाणी म्हणून तोडू नका. कडी काढली की दागिनाही गेला आणि नाणंही. तिथे कायम डाग राहतो.

सावधान: रामदरबार किंवा हनुमान असलेली, "ईस्ट इंडिया कंपनी" आणि १८१८ सारखं साल असलेली मोठी पितळी नाणी कंपनीने कधी काढली नाहीत. ती देवाची टोकनं आहेत. पूजेत ठेवा, हवी तर वर्षानुवर्षं ठेवा, पण त्यावरून वंशावळ मांडू नका. तांदूळ ओढणारं नाणं, चमत्कारी नाणं असं म्हणत कोणी घरी आलं तर दार लावा.

## टप्पा ५: नोंदवही

प्रत्येक नाण्याला एक नंबर. नंबर नाण्यावर चिकटवायचा नाही, पाकिटावर शिसपेन्सिलने लिहायचा, आणि पाकिट रिकामं असतानाच. आत नाणं असताना लिहिलं की पेन्सिलचं टोक उमटतं.

नोंद अशी दिसावी:

"ख-३. एक रुपिया, १८८१. वजन ११.५१. लाल फडक्यातल्या तीनपैकी एक. आत्या म्हणाली: आईच्या सासूने ओटीत घातला. कडेला कुंकू आहे, काढलेलं नाही."

फोटो खिडकीजवळ काढा. थेट उन्हात नाही, फ्लॅश नाही. खाली राखाडी कागद आणि शेजारी मोजपट्टी. मोबाइल थोडा तिरका धरून दोन्ही बाजूंचा एकेक फोटो काढा, त्यात उठाव दिसतो. एक कडेचाही काढा.

नोंदवहीच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. एक भावाकडे, एक तुमच्याकडे.

## टप्पा ६: साफसफाई, म्हणजे बहुतेकदा काहीच न करणं

आता माझी चूक. शाळेत असताना आजीच्या डब्यात तीन सारखे रुपये होते. मी एका रविवारी रांगोळी आणि लिंबाने तिन्ही आरशासारखे केले. आजी काही बोलली नाही. तिघांपैकी एकाच्या कडेला कुंकू होतं, तो तिच्या सासूबाईंनी पहिल्या ओटीत घातलेला. नंतर ती तिन्ही हातात घेऊन बराच वेळ बघत बसली होती. आजही ते तीन रुपये माझ्याकडे आहेत आणि कुठला तो मला सांगता येत नाही.

घासल्याने फक्त मळ जात नाही, वरचा थर जातो. चिंच, आमसूल, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, चांदी बुडवायचं द्रावण, सोनाराचं पॉलिश: एकही नको. संग्राहकाला घासलेलं नाणं लगेच ओळखू येतं, आणि ते तो कमी भावाने घेतो. घरच्यांसाठी तोटा त्याहून मोठा आहे, तो वर सांगितला.

खालच्या तीनच प्रसंगांत हात लावा.

सैल माती आणि धूळ. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचेच्या वाटीत एक दिवस भिजत ठेवा, पाणी बदला, मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसू नका, टिपा. मग दोन दिवस हवेशीर जागी वाळू द्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरायचं नाही. त्यातलं क्लोराइड तांब्याला खातं.

समईचं तेल किंवा पीव्हीसीचा चिकट थर. शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, पाच-दहा मिनिटं. नखांचं रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून समई, निरांजन, गॅस जवळ नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. देवखोलीत बसून हे काम करू नका.

फिक्या हिरव्या पुडीचे ठिपके. तांब्यावरचा गडद, कडक, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर चांगला आहे, तो नाण्याचं रक्षण करतो. पण नखाने टोचल्यावर पूड सुटणारे, पोपटी, पुन्हा पुन्हा उगवणारे ठिपके म्हणजे क्षाराचा रोग. समुद्राकाठच्या घरांत हा जास्त. ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा आणि संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा. घरी रसायनं लावू नका.

तपासा: हळद-कुंकू, गंध, लाखेचा शिक्का, दोरा हे मळात मोजायचं नाही. काढण्याआधी टप्पा दोनच्या माणसांना परत फोन करा.

## टप्पा ७: गोव्याच्या हवेत जपणं

रबर बँड, वर्तमानपत्र, पुठ्ठा, लाल मखमलीची दागिन्यांची डबी: चारही टाळा. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, तीही नेमकी रबराच्या रेघेत. डांबरगोळ्या घातलेल्या कपाटातही ठेवू नका.

हवाबंद झाकणाचा चांगला प्लास्टिकचा डबा, आत पाकिटं, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलणारे दाणे घ्या. निळे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ते भरले. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघा, पिशवीवर लिहिल्याप्रमाणे ओव्हनमध्ये वाळवून परत घाला. बँकेचं लॉकरही गोव्यात दमटच असतं, तिथेही हेच करा. चोरीची भीती लॉकर घालवतो, गंजाची नाही.

लक्ष्मीपूजनाला नाणी मांडायची असतील तर मांडा, त्यासाठीच ती आहेत. दुधाचा अभिषेक, तेल आणि ओलं कुंकू यांच्यासाठी एकच नाणं नेमून द्या. बाकीची तबकात कोरड्या अक्षतांवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत पाकिटात.

## टप्पा ८: वाटणी

नाण्यांची वाटणीही संपत्तीची वाटणीच असते. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक धरली जाते, त्यामुळे वडील गेले तरी आईचा अर्धा वाटा तिचाच असतो. वारशाचे नियम २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि वारसा-यादी कायद्यात आहेत. तो २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला आणि त्यात सक्तीच्या, म्हणजे सहज डावलता न येणाऱ्या, वारसांसाठी अर्धी मालमत्ता राखून ठेवलेली आहे. सोन्याच्या गिन्या, पुतळ्या असतील तर "मी सांभाळतो" म्हणून एकट्याने उचलणं भांडणाची सुरुवात असते. वारसा-यादीचं, म्हणजे संपत्तीची यादी करून वाटणी करण्याचं, काम चालू असेल तर त्यात लिहा.

भावनिक नाण्यांसाठी मला एक पद्धत पटली आहे. ज्यांना प्रसंगाची माहिती आहे त्यांचा हक्क आधी, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. एका पुरचुंडीतली नाणी मात्र फोडू नका. प्रत्येकाला त्याच्या नाण्याबरोबर त्याच्या नोंदीची प्रत द्या. नोंदीविना दिलेलं नाणं तिसऱ्या पिढीत मोडीत निघतं.

## टप्पा ९: किंमत, विक्री, परदेश

विकायचंच असेल तर आधी दोन-तीन ठिकाणी दाखवा. सोनार धातूचा भाव देईल, नाण्याचा नाही. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो मागा, लाजू नका.

"जुन्या नाण्याचे लाखो मिळवा" अशा जाहिरातीत विकत घेणारा आधी तुमच्याकडून नोंदणी, कर किंवा कमिशन मागतो. पैसे भरले की तो गायब होतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं: आपलं नाव वापरून कोणी शुल्क मागत असेल तर ते खोटं आहे, अशा व्यवहारात बँक भाग घेत नाही.

शेवटचं, आणि गोव्यात सर्वाधिक होणारं. लिस्बन, लंडनमधला भाऊ म्हणतो, आजोबांचा एक रुपिया मला पाठव. कुरिअर करू नका, दाबोळी किंवा मोपा विमानतळावर पर्समध्येही नेऊ नका. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८८१ चाही नाही आणि आता १९१२ चाही नाही. १९५९ चा एस्कुदो या मर्यादेत येत नाही, तरी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्या. भावाला चांगला फोटो छापून, मागे आत्याने सांगितलेली हकीकत लिहून पाठवा. नाणं पाहायला तो चवथीला येईल तेव्हा डबा समोर ठेवा.